घुमट छापा, पण माणसे वगळू नका : स्मरणग्रंथाच्या संपादक मंडळास खुले पत्र

वडोदरा

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परिसराचा इतिहास सांगणारा स्मरणग्रंथ सिद्ध करणाऱ्या, माजी विद्यार्थ्यांच्या संपादक मंडळातील सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्यांनी ज्यांनी साहित्य पुरवले त्या सर्वांकडे आपण ग्रंथाची अनुक्रमणिका आणि पहिल्या काही प्रकरणांचा मसुदा पाठवलात, तसा तो माझ्याकडेही आला. सोबतच्या टिपणात मंडळाचा निर्णय कळवला होता. ग्रंथाचा आरंभ विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे ३० एप्रिल १९४९ या दिवसापासून होईल, इमारतींची रंगीत छायाचित्रे हा त्याचा मुख्य भाग राहील आणि पृष्ठसंख्या व खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ‘परिसरातील माणसे’ हा विभाग संपूर्ण वगळण्यात येईल. या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून मी मंडळाला खाजगी पत्र लिहिले. मसुदा आता अंतिम झाला आहे, एवढेच उत्तर मिळाले. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ग्रंथही काही खाजगी राहणार नाही. तो शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत जाईल, वर्तमानपत्रे त्यातून उतारे घेतील आणि उद्या कोणी विद्यार्थी या परिसराविषयी प्रबंध लिहायला बसला तर त्याच्या हाती पहिल्यांदा हाच ग्रंथ लागेल. जे त्यात नसेल ते घडलेच नाही, असे तो धरून चालेल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र विद्यापीठाच्या प्रशासनाला उद्देशून नाही. ग्रंथ आपण माजी विद्यार्थी स्वखर्चाने काढत आहात, त्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी आपला वेळ आणि पैसा दिला आहे, आणि त्यामागच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझा विरोध निर्णयाला आहे, व्यक्तींना नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, हेही सांगायला हवे. आमचे घराणे गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी कोकणातून बडोद्यास आले आणि दांडिया बाजारात स्थिरावले. माझे वडील विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणीचे काम करत. मी स्वतः आर्ट्सच्या घुमटाखालच्या वर्गांत इतिहास शिकले आणि नोकरीची सारी वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर काही मैत्रिणींच्या मदतीने परिसरातील जुन्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी टिपून घेतल्या. आपण वगळलेला विभाग मुख्यतः त्या टिपणांवर आधारलेला होता. स्वतःचे लेखन गेले म्हणून ही बाई रागावली, असे कोणाला वाटू शकेल. तसे असेल तर माझे नाव ग्रंथातून खुशाल काढून टाका. मला ती माणसे ग्रंथात हवी आहेत.

पहिला आक्षेप ग्रंथाच्या आरंभाविषयी आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले हे खरेच आहे. परंतु मुखपृष्ठावर आपण जो घुमट घेतला आहे तो बडोदा कॉलेजचा, म्हणजे आजच्या आर्ट्स फॅकल्टीचा आहे आणि बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी सयाजीराव महाराज अठरा वर्षांचे होते, त्यांना पूर्ण राज्याधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी, आणि तोपर्यंतचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी परंपरेतले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि इंदूरचे दिवाण होते. मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेले बडोद्याचे राज्य त्यांनी सावरले. कॉलेजची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आपल्या मसुद्यात त्यांचे नाव एकदाही येत नाही. महाराजांची थोरवी एवढी मोठी आहे की माधवरावांचे श्रेय माधवरावांना दिल्याने ती उणी होणार नाही.

१९४९ पूर्वीचा काळ गाळल्यामुळे आणखी काय काय गळून पडते, तेही पाहावे. सूरसागराच्या काठचे संगीत महाविद्यालय, जे आज विद्यापीठाची एक फॅकल्टी आहे, त्याचे मूळ १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. आपण सारे ज्याला ‘टेक्नो’ म्हणतो त्या अभियांत्रिकी फॅकल्टीचे मूळ १८९० च्या कलाभवनात आहे. बडोदा कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते उभे केले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय सामान्य घरच्या मुलाला आपल्या भाषेत शिकता यावेत, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तेथे शिकले. संस्कृत महाविद्यालय १९१५ चे आहे, आणि गायकवाड ओरिएंटल सीरिज ही ग्रंथमालाही त्याच सुमारास सुरू झाली. ही सारी घरटी १९४९ मध्ये एका छताखाली आली. ती नंतर बांधली गेली, असा समज मसुदा वाचून होतो.

कॉलेज त्या काळी मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, म्हणजे मुलांना परीक्षेला मुंबईस जावे लागे. याच कॉलेजचा विनायक नरहर भावे नावाचा विद्यार्थी १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, वाटेत सुरतेला उतरला आणि काशीकडे निघून गेला. विनोबांच्या चरित्रातील हा प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक असतो, पण बडोद्याच्या मुलाला परीक्षेसाठी मुंबईलाच का जावे लागत होते, हे त्याला कोणी सांगत नाही. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ का हवे होते, ते या एका प्रवासातून कळते. १९२६-२७ मध्ये महाराजांनी विद्यापीठाच्या विचारासाठी आयोग नेमला, पुढे त्या कामी निधी उभा राहिला, पण ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. मसुद्यातील ‘सयाजीराव महाराजांनी १९४९ मध्ये स्थापन केलेले विद्यापीठ’ हे वाक्य म्हणूनच जसेच्या तसे छापता येणार नाही. त्यांचे स्वप्न पुरे केले ते नातू प्रतापसिंहराव यांनी. विद्यापीठ अस्तित्वात आले ३० एप्रिल १९४९ रोजी आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य हातून जाण्याच्या आदल्या दिवशी या घराण्याने शहराच्या हाती विद्यापीठ ठेवले. या दोन तारखा शेजारी-शेजारी न मांडता ‘१९४९’ हा आकडा तेवढा छापला, तर त्या वर्षाचा अर्थच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप घुमटाविषयी आहे. मसुद्यात वास्तुविशारद म्हणून मेजर मँट यांचे नाव आहे. चार्ल्स मँट यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. ते १८८१ मध्ये वारले. कॉलेजची इमारत रॉबर्ट चिझम यांची आहे. मद्रास विद्यापीठाचे सेनेट हाउस ज्यांनी बांधले तेच हे चिझम, आणि मँटनंतर लक्ष्मीविलासचे कामही त्यांनीच पुरे केले. विजापूरचा गोलघुमट त्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे आर्ट्सकडे पाहताच समजते. परंतु म्हणून ‘गोलघुमटानंतरचा भारतातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट’ हे वाक्य, जे आपण सगळे विद्यार्थिदशेपासून पाहुण्यांना सांगत आलो, ते पुराव्याशिवाय इतिहासग्रंथात घालू नये. गोलघुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. आपल्या घुमटाचे माप कोणते, ते कोणी घेतले, कोणत्या घुमटांशी ताडून पाहिले, यांतले काहीच मसुद्यात नाही. विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला दोन्ही शिकवले जाते. मंडळातील निम्मे सदस्य टेक्नोचेच विद्यार्थी आहेत. मोजणी करून घेणे आपल्याला अवघड नाही. माप हाती आल्यावर जे ठरेल ते छापावे.

ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी विटेचा आणि दगडाचा तो रंगीत बांध घातला, त्यांचा उल्लेख एका ओळीतही नाही. त्यांची नावे आज सांगता येणार नाहीत, पण ते होते एवढे तरी म्हणता येते.

तिसरा आक्षेप मसुद्यातील ‘परिसराची भूषणे’ या चार पानांच्या यादीविषयी आहे. यादीत नावे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना एक ओळ आणि एक छोटे छायाचित्र, आणि त्या ओळीतही चुका. सर्वांत दुखवणारी चूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची आहे. त्यांना आपण बडोदा कॉलेजचे विद्यार्थी म्हटले आहे. ते विद्यार्थी होते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे. बडोदे संस्थानने त्यांना शिष्यवृत्ती दिली, त्याच शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि ठरल्याप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये या शहरात आले. या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि आपल्या परिसराशेजारच्या कमाटीबागेत झाडाखाली त्यांना बसावे लागले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिष्यवृत्ती देणारे दूरदृष्टीचे राज्य आणि खोली नाकारणारे शहर, दोन्ही एकाच काळी एकाच ठिकाणी होते. आपण बडोदेकरांनी हे जसे घडले तसे लिहिले पाहिजे. बाबासाहेबांना आपल्या नामवंत विद्यार्थ्यांच्या यादीत बसवून आपण ते झाकत आहोत, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

हंसाबेन मेहतांविषयीची ओळ चूक नाही, पण ती फार थोडी आहे. ‘पहिल्या कुलगुरू’ एवढेच लिहून आपण पुढे गेलात. दिवाण मनुभाई मेहतांची ही मुलगी याच बडोदा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकली. पुढे ती संविधान सभेची सदस्य झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात तिने आग्रह धरला, म्हणून जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊ शकणारे शब्द जाऊन तेथे ‘सर्व मानव’ आले. हे काम १९४८ मध्ये पूर्णत्वास गेले आणि दुसऱ्याच वर्षी ती विद्यापीठाची सूत्रे हाती घ्यायला बडोद्यास आली. मुलामुलींच्या एकत्रित विद्यापीठाची कुलगुरू होणारी ती भारतातील पहिली स्त्री. तिच्या काळात ललित कला, गृहविज्ञान, समाजकार्य अशा फॅकल्टी उभ्या राहिल्या. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आई आणि आजी घरातून बाहेर पडून पदवीपर्यंत पोहोचल्या त्या या धोरणामुळे. ग्रंथालयावर तिचे नाव आहे. ग्रंथात तिला स्वतंत्र प्रकरण हवे, आणि याबाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

यादीतील इतर काही नावांविषयी थोडक्यात लिहिते. अरविंद घोष बडोद्यात होते १८९३ ते १९०६. ते कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत, इथेच मराठी शिकले आणि दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहत. कन्हैयालाल मुनशी हे त्यांचे विद्यार्थी. मसुद्यात या दोघांमध्ये बरेच अंतर आहे आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध होता हे कळत नाही. इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे १९५० मध्ये चित्रकला विभागात आले आणि सोळा वर्षे राहिले. शंखो चौधुरी शिल्प शिकवत. के. जी. सुब्रह्मण्यन आधी शिक्षक म्हणून आले आणि पुढे बडोद्याची ओळख बनले. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी पुढे त्याच फॅकल्टीत शिकवू लागले. नसरीन मोहमदी तिथेच शिकवत असत. पुष्पबागेतील ललित कला फॅकल्टीचे ते अंगण समजून घ्यायचे तर शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र मांडावे लागतील. आद्याक्षरांनुसार लावलेल्या यादीत ते हरवतात. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ मध्ये येथे समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, त्यांचे नावच सुटले आहे. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या वेंकटरामन रामकृष्णन यांना आपण पूर्ण पान दिले, ते योग्यच केले. १९७१ मध्ये त्यांनी येथून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पण त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी येथे जीवरसायनशास्त्राचा विभाग उभारला आणि आई राजलक्ष्मी यांनी पोषणावर वर्षानुवर्षे संशोधन केले, हे त्या पानावर कुठेच नाही. त्या दोघांनी आपले आयुष्य या परिसराला दिले. मुलगा येथून लवकर बाहेर पडला, आईवडील राहिले. परिसराच्या इतिहासात कोणाची जागा मोठी, हा विचार आपण करायला हवा होता.

चौथा आक्षेप वगळलेल्या विभागाविषयी आहे. ‘कारकून, शिपाई आणि स्वयंपाकी यांच्या आठवणींत सर्वसाधारण वाचकाला रस नसतो’ असे कारण मला कळवण्यात आले. त्या विभागात काय होते, हे वाचकांनीच पाहावे म्हणून सांगते.

त्यात बांधणी विभागाची माहिती होती. फाटलेले पुस्तक आले की आधी जुनी शिवण उसवायची, जुजे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, वेगळी करायची, कडा पातळ कागदाने सांधायच्या, पुन्हा शिवायचे, मग पुठ्ठा आणि कापड. खळ रोज ताजी शिजवत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. वडिलांच्या बोटांना त्याचा निळसर डाग असे. कोणते पुस्तक सर्वांत जास्त वेळा दुरुस्तीला येते, यावरून कोणत्या विषयाचे विद्यार्थी खरोखर वाचतात हे त्या विभागातील माणसे सांगू शकत. एखाद्या विद्यापीठात काय वाचले गेले, याचा यापेक्षा विश्वासू साक्षीदार मला माहीत नाही.

त्यात प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते सांभाळणाऱ्यांची माहिती होती. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत येथून निघाली, १९६० ते १९७५ या काळात. गो. ह. भट, प. ल. वैद्य, उमाकांत शहा या संपादकांची नावे ग्रंथांवर आहेत आणि ती असायलाच हवीत. परंतु वेगवेगळ्या लिप्यांतील पोथ्यांचे पाठ ओळीन्‌ओळ ताडून चिठ्ठ्यांवर उतरवणारे, बस्ते सोडून पाने मोजून पुन्हा लाल कापडात बांधून ठेवणारे हात वेगळे होते. त्यांतल्या काहींची मुले अजून या शहरात आहेत आणि त्यांच्याकडे घरी ऐकलेल्या गोष्टी आहेत.

त्यात पुरातत्त्व विभागाच्या उत्खननांवर जाणाऱ्या कामगारांची आणि तळावरच्या स्वयंपाक्यांची माहिती होती. शामळाजीजवळ देवनी मोरी येथे रमणलाल मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९६३ मध्ये बौद्ध स्तूप आणि विहार उकरून काढले. स्तूपातून मिळालेला, लेख कोरलेला अस्थिकरंडक या विद्यापीठात आला. ती जागा पुढे मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. आता तेथे जाऊन पाहता येत नाही. जे त्या वेळी तेथे उभे होते, ज्यांनी टोपल्यांतून माती वाहिली, त्यांच्या आठवणीत तो तळ आहे. संशोधनाच्या अहवालात मोजमापे मिळतील. पहाटेची थंडी, पाण्याची ओढाताण, करंडक सापडल्यावर तळावर पसरलेली शांतता अहवालात मिळणार नाही. ज्यांनी हे आम्हाला सांगितले त्यांतील काही जण आता हयात नाहीत.

आणखीही होते. फाइन आर्ट्सच्या भट्टीवर ओतकामाला हातभार लावणारे मदतनीस, वसतिगृहांच्या मेसचे ‘महाराज’ म्हणवले जाणारे आचारी, प्रयोगशाळांतील परिचर, सयाजीगंजात बसून इंग्रजी प्रबंध टंकलिखित करून देणारे, ज्यांना विषय कळत नसे पण स्पेलिंगची चूक लगेच दिसे. हे लोक मराठी होते, गुजराती होते, उत्तरेकडून आलेले होते, वाल्मीकी समाजातले होते, मुसलमान होते. परिसर रोज सकाळी त्यांच्यामुळे उघडे. त्यांच्यावर आपण पाने खर्च करू शकत नाही आणि एकाच घुमटाची, एकाच कोनातून घेतलेली, सकाळ-दुपार-संध्याकाळची चित्रे छापण्यासाठी जाड आर्ट पेपर घेऊ शकतो, हे मला समजावून सांगावे.

पाचवा मुद्दा भाषेचा आहे आणि तो मी सावधपणे मांडते, कारण त्याचा विपर्यास सहज होतो. मला हा ग्रंथ मराठी अस्मितेचा व्हायला नको आहे. मौलाबक्ष हरियाणातील भिवानीचे, गज्जर सुरतेचे, अरविंद बंगालचे, चिझम विलायतचे, माधवराव कुंभकोणमचे. ज्या महाराजांचे नाव आपण लावतो ते नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, आणि त्यांनी राज्य केले ते बहुतांशी गुजराती प्रजेवर, तिच्या भाषेचा मान ठेवून. १९१२ मध्ये संस्थानच्या ग्रंथालय खात्याने नियतकालिक काढले तेव्हा ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत काढले. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली, आणि वर्षानुवर्षे अध्यापनात किंवा संसारात घालवलेल्या इथल्या मराठी बायका आजही एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतात. असे असताना ग्रंथ केवळ इंग्रजीत का? इंग्रजी हे विद्यापीठाचे शिकवण्याचे माध्यम आहे आणि तो निर्णय हंसाबेनच्या काळापासूनचा विचारपूर्वक घेतलेला आहे; परंतु स्मरणग्रंथ शहरासाठी आहे आणि शहर गुजराती व मराठी बोलते. मराठी विभागाचा, तिथे शिकवून गेलेल्या प्राध्यापकांचा आणि गणेश देवींसारख्या, इंग्रजी शिकवता शिकवता आदिवासी भाषांकडे वळलेल्या शिक्षकाचा उल्लेखसुद्धा मसुद्यात नाही.

छायाचित्रांखाली छायाचित्रकारांची नावे नाहीत, जुनी चित्रे कोणाच्या घरातून आली तेही नाही. ते घालावे, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

हे सर्व आत्ताच का, असे आपण विचाराल. कारण परिसराची जुनी रचना जाणणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. २०२३ च्या गुजरातच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट ही विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या सभांची १९४९ पासूनची व्यवस्था संपली. तिच्या सभांत बसलेली, निवडणुका लढवलेली, वाद घातलेली माणसे आज सत्तरीत-ऐंशीत आहेत. तो कायदा चांगला की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. एक संपूर्ण व्यवस्था जाताना तिच्यात वावरलेल्या माणसांना विचारून घेणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. रियासतकार सरदेसायांनी सयाजीरावांच्या नोकरीत आयुष्याचा मोठा काळ याच शहरात काढला. जुन्या कागदांचे मोल जाणणारा इतिहासकार इथे घडला, आणि आपण आपल्याच परिसराचे कागद आणि आठवणी छपाईच्या खर्चाचे कारण देऊन बाजूला ठेवत आहोत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ग्रंथाची छपाई थांबवावी आणि मसुदा दुरुस्तीसाठी खुला करावा.

ग्रंथाचा आरंभ १८८१ पासून करावा. माधवराव, गज्जर, मौलाबक्ष आणि प्रतापसिंहराव यांना त्यांच्या त्यांच्या कामासह योग्य जागा द्यावी, आणि महाराजांनी १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन केले हे विधान काढून टाकावे.

वास्तुविशारदाचे नाव दुरुस्त करावे. घुमटाच्या आकाराविषयीचे विधान मोजणीनंतरच छापावे.

डॉ. आंबेडकरांना विद्यार्थ्यांच्या यादीतून काढून १९१३ ते १९१७ चा प्रसंग स्वतंत्र आणि स्पष्ट शब्दांत लिहावा. हंसा मेहतांवर प्रकरण लिहून घ्यावे, आणि ते लिहिणारी व्यक्ती त्यांच्या काळाचा अभ्यास केलेली असावी.

‘परिसरातील माणसे’ हा विभाग परत घ्यावा. पाने कमी करायचीच असतील तर ती छायाचित्रांतून करावीत. खर्चाची अडचण असेल तर साधा कागद वापरावा. मला खात्री आहे की ग्रंथ विकत घेणाऱ्यांपैकी कोणी त्याबद्दल तक्रार करणार नाही.

मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांची आणि टिपणांची एक प्रत सर्वांना पाहता येईल अशा सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी, आणि ज्यांच्या आठवणी आहेत त्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. ही संमती मिळवून देण्याची जबाबदारी मी आणि माझ्या मैत्रिणी घेऊ.

ग्रंथाच्या गुजराती आणि मराठी आवृत्त्या काढाव्यात. सुरुवातीला संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या तरी चालेल. मराठी मजकुराचे मुद्रितशोधन मी विनामोबदला करीन.

या मागण्यांवर मंडळाने आपल्या पुढच्या बैठकीत चर्चा करावी आणि जे ठरेल ते लेखी आणि जाहीर कळवावे, अशी विनंती आहे. ज्या मागण्या मान्य नसतील त्यांची कारणेही कळवावीत, म्हणजे साहित्य पुरवणाऱ्या इतरांना ते परत घ्यायचे की ठेवायचे, हे ठरवता येईल. माझ्याकडील टिपणे, छायाचित्रे आणि तारखांचे पुरावे मी कोणत्याही सदस्याला केव्हाही दाखवायला तयार आहे. मी दांडिया बाजारातच आहे, आणि मंडळातील बहुतेकांना माझे घर ठाऊक आहे.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त शिक्षिका